एव्हरग्रीनच्या स्टायरीन पट्ट्या: बॉक्सएन वॅगनसाठी घेतल्या, कशा वाटल्या

आपल्या मालगाडीच्या तयार मॉडेल वॅगन एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ मापात) सहज मिळत नाहीत, मिळाल्या तरी भाव ऐकून गप्प बसावं लागतं, म्हणून कोळशाची बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी वॅगन, घरीच बनवायला घेतली. सामान एव्हरग्रीन या अमेरिकन कंपनीचं, स्टायरीन या प्लास्टिकची शीट आणि पट्ट्या. आधीच सांगतो, पैसे पट्ट्यांवर घाला, शीटवर नाही.

पट्टी १४ इंच लांब येते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी-रुंदी एकसारखी, हीच तिची किंमत. बॉक्सएनच्या बाजूंना जे उभे खांब असतात त्यातला एक जरी जाडाबारीक झाला तरी नजर तिथेच जाते, आणि एवढ्या बारीक पट्ट्या शीटमधून कटरने काढायला गेलं की त्या पिळवटतातच. खांबांना ०.०३० बाय ०.०६० इंचाची घेतली, मस्त बसली. मापं इंचात आहेत तेवढा मात्र डोक्याला ताप, कारण आपली ड्रॉइंग मिमीत, म्हणजे आधी ८७ ने भागा मग परत २५.४ ने. हेडस्टॉक ते हेडस्टॉक (टोकांच्या आडव्या बीममधली लांबी) ९७८४ मिमीचे होतात ११२.५ मिमी, बोगी सेंटर (दोन चाकगाड्यांच्या मध्यांतलं अंतर) ६५२४ चे चक्क ७५! (ट्रॅकचं विचारू नका, ब्रॉडगेज १९.३ मिमी यायला हवा आणि आपण १६.५ वर चालवतो, सगळेच चालवतात.)

शीट चांगलीच आहे, दोन-तीनदा हलका कटर ओढला की सरळ रेषेत मोडते, पण साधी हाय इम्पॅक्ट स्टायरीन शीट मिळाली तर तीही तशीच मोडते. फक्त सनबोर्ड घेऊ नका, त्याची कड स्पंजासारखी असते. चिकटवायला टामियाचं हिरव्या झाकणाचं पातळ सिमेंट, ब्रशने फटीला नुसतं टेकवलं की आत पळतं, पण कमीच लावा, खांब एकाच बाजूला असल्यामुळे ०.५ मिमीची भिंत वाळताना वाकते. आतून तळाशी आडवी पट्टी दिली की सरळ राहते.

गोल रॉड मात्र घेऊ नका. सगळ्यात बारीक घेतला तरी अर्धा मिमीच्या आसपास, म्हणजे खऱ्या वॅगनवर ४३ मिमीचा दांडा झाला, हॅन्डरेल कसली, नळाचा पाइप वाटतो!! तिथे जुन्या वायरमधली तांब्याची तार लावली, फुकटात काम झालं.

स्टायरीन हलकं असतं हेही लक्षात ठेवा. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशोबाने एवढ्या लांबीच्या वॅगनला साधारण ९१ ग्रॅम वजन हवं, नाहीतर पॉइंटवर (रूळ बदलतो तिथे) रुळावरून उडते. बॉक्सएन उघडी असल्यामुळे लपवायला जागा नाही, म्हणून तळाशी लोखंडी नट चिकटवले, वर खोटा तळ टाकला आणि त्यावर कुटलेला कोळसा पातळ फेविकॉलमध्ये बसवला, त्यात भिंतीची जादा जाडीही झाकली जाते.