बॉक्स मूळ होता, सैनिक नव्हते

मागच्या नवरात्रात मी 36,000 रुपये देऊन आठ शिशाचे सैनिक घेतले. लंडनच्या जुन्या ब्रिटन्स या खेळणी कंपनीचा, भारतीय पायदळाचा सेट, लाल बॉक्ससह. बॉक्स खरा निघाला. आतले आठही सैनिक अलीकडे ओतलेल्या नकला निघाल्या. पैसे परत मिळालेले नाहीत आणि आता मिळतील असं वाटतही नाही. पण ज्या पद्धतीनं मला फसवलं, त्याच पद्धतीनं उद्या दुसऱ्या कुणाला फसवलं जाईल याची मला खात्री आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काम करतोय. डाय, मोल्ड, मापं हे माझं रोजचं काम. आणि सैनिकांचं वेड लहानपणापासूनचं, दिवाळीच्या किल्ल्यापासूनचं. कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचे, अळीव पेरलेल्या उतारावर उभे करायचे. महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा उंच असायची, तोफ मावळ्याच्या गुडघ्याएवढी, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुढे नोकरी लागल्यावर एकदा मुंबईला चोरबाजारात एका टोपलीत पितळी कड्या-कोयंड्यांच्या खाली एक फेटेवाला शिपाई सापडला. रायफल खाली आडवी धरून चालणारा, उजवा हात खांद्यातून हलणारा, रंग निम्मा उडालेला. चारशे रुपयांना घेतला. तो 1930च्या दशकातल्या 7व्या राजपूत रेजिमेंटच्या सेटमधला एकटा शिपाई आहे हे मला वर्षभरानं कळलं. तेव्हापासून त्याचे सोबती शोधत होतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथंच दडलेली आहे. 1893 साली लंडनमध्ये धाकट्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची पद्धत आणली. वितळलेला शिशाचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की साचा उलटा करून मधला पातळ धातू बाहेर काढायचा. आतून पोकळ सैनिक तयार. धातू कमी लागे, म्हणून ते जर्मनीहून येणाऱ्या भरीव सैनिकांपेक्षा स्वस्त पडत. उंची 54 मिलिमीटर, त्या वेळच्या एक नंबर गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेशी जुळेल अशी. पायदळाचे आठ, घोडदळाचे पाच असे लाल बॉक्समध्ये, पुठ्ठ्याला दोऱ्यानं बांधून यायचे. 1966 मध्ये कंपनीनं शिशाचे सैनिक बनवणं बंद केलं. म्हणजे आज जो माल खरा म्हणून विकला जातो तो जवळपास साठ वर्षं तरी जुना असायलाच हवा.

आता स्केलचा घोळ. संग्राहकांमध्ये यावरून जितके वाद होतात तितके रंगावरूनही होत नाहीत. 54 मिलिमीटर म्हणजे साधारण 1:32, खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या भागाएवढा, असं सगळे म्हणतात. पण हे 54 मोजायचे कुठून कुठवर? कुणी टाचेपासून डोळ्यापर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टाळूपर्यंत. फेटा, टोपी, तुरा धरायचा की नाही? पायाखालची पट्टी धरायची की नाही? त्यात जपानी प्लास्टिक किटवाले 1:35 करतात, हल्लीचे बरेच धातूचे उत्पादक 1:30 करतात, ते साठ मिलिमीटरच्या आसपास जातात. युद्धखेळासाठीचे 28 मिलिमीटरवाले तर डोकी आणि हात मुद्दाम मोठे ठेवतात, लांबून ओळखू यावेत म्हणून. न्यूर्नबर्गचे जुने चपटे सैनिक 30 मिलिमीटरचे. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘54 मिमी’ लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीनं लावतो. हा सैलपणा विक्रेत्याच्या फार कामाचा असतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दर्जाचंही तसंच. आजच्या बारीक कामाला सरावलेल्या डोळ्यांना जुना ब्रिटन्सचा शिपाई ओबडधोबड वाटतो. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, मिशी म्हणजे एक फटकारा, सगळ्यावर चकचकीत रंग. तो त्याचा अस्सलपणा आहे. त्या वेळी तो मुलांनी खेळायचं खेळणं होता, कपाटात ठेवायची मूर्ती नव्हे. ज्याला हे ठाऊक नाही तो फोटो पाहून बारीक रंगवलेल्या चेहऱ्यालाच उत्तम दर्जा म्हणतो.

माझ्या बाबतीत अगदी तेच झालं. आमच्या ओळखीच्या संग्राहकांत एका विक्रेत्यानं सेटचे फोटो पाठवले. ‘भारतीय पायदळ, 54 मिमी, आठ नग, मूळ जुन्या बॉक्ससह, स्थिती अप्रतिम.’ फोटो सुंदर होते. लगेच मतं सुरू झाली. एक जण म्हणाला, असा चेहरा ब्रिटन्समध्ये क्वचित दिसतो, हा खास दर्जाचा लॉट असणार. दुसऱ्यानं बॉक्सचं लेबल मोठं करून पाहिलं आणि बॉक्स शंभर टक्के खरा असल्याचं सांगितलं. ते बरोबरच होतं. नागपूरच्या एका काकांनी मात्र विचारलं, ‘पायाखालचा फोटो का नाही?’ त्यावर विक्रेता म्हणाला, दोरे शंभर वर्षांचे आहेत, सोडले तर तुटतील, किंमत जाईल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. काकांचा प्रश्न तिथंच राहिला.

मी फोन केला. तो मला ‘दादा’ म्हणून बोलायला लागला. म्हणाला, एका पारशी घरातला माल आहे, आजोबांनी विलायतेहून आणलेला, घर रिकामं करताहेत. मी थेट विचारलं, सैनिक ओरिजिनल आहेत ना? तो म्हणाला, ‘दादा, बॉक्स बघितलात ना तुम्ही? अजून काय सांगू?’ हे उत्तर मला त्या वेळी ‘हो’ वाटलं. त्यानं हो म्हटलंच नव्हतं. 10,000 रुपये आधी पाठवा, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, असं म्हटल्यावर मी पाठवले. उरलेले 26,000 दुसऱ्या दिवशी बँकेतून.

पार्सल आलं त्या संध्याकाळी बायकोनं पहिल्यांदा शंका काढली. तिला यातलं काही कळत नाही असं ती नेहमी म्हणते. तिनं एक शिपाई हातात घेतला, मग माझा चोरबाजारातला घेतला आणि म्हणाली, ‘हा नवा जड आहे.’ मी दोन्ही हातांत दोन घेऊन पाहिले आणि पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली. आधी दोरे पाहिले. दोरा जुन्यासारखा पिवळट दिसत होता, पण गाठीच्या आत, जिथं हवा लागत नाही तिथंही तसाच पिवळट होता, म्हणजे चहाच्या पाण्यात भिजवलेला. सोडून सगळे सैनिक टेबलावर ठेवले. माझ्या जुन्या शिपायाच्या फेट्याच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे, पोकळ ओतकामाचं. या आठांत एकाच्याही अंगावर कुठं भोक नाही, सगळे भरीव. सराफाकडे नेऊन वजन केलं तर प्रत्येक नग माझ्या शिपायाच्या जवळपास दीडपट. पायाखाली कंपनीचं नाव आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरं होती, पण कडा गोलसर झालेल्या, साबणाच्या वडीवरची अक्षरं वापरून झिजतात तशा. आठही जणांच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात एकाच जागी एकच बारीक बुडबुडा. मूळ आठ सैनिकांवर असा योगायोग होत नाही. एकाच सैनिकावरून रबराचा साचा केला आणि त्यातूनच आठही ओतले, इतकाच त्याचा अर्थ. उजवा हात हलत नव्हता, डिंक लावून बसवला होता. खालचा रंग जरा खरवडला तर आत चांदीसारखा पांढरा धातू. माझ्या शिपायाचा तळ राखाडी, कागदावर घासला की पेन्सिलसारखी रेघ उमटते. यांची उमटली नाही. शिसं फार कमी, कथिलच जास्त.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, काढला. हे माझं रोजचं काम, आणि हेच मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं. टाच ते डोळा, रायफलची लांबी, पट्टीची लांबी, पट्टीची रुंदी, अशी चार मापं प्रत्येकाची घेतली. उंचीत नवे सैनिक पाऊण ते एक मिलिमीटरनं कमी. रायफलही त्याच प्रमाणात आखूड, पट्टीही त्याच प्रमाणात लहान. मूळ वस्तूवरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की रबर थोडं आकसतं, धातू थंड होताना थोडा आकसतो, आणि नक्कल प्रत्येक बाजूनं जराशी लहान होते. मोल्डच्या धंद्यातल्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. साचा करताना आम्ही हे आकसणं धरूनच माप वाढवतो.

मी मापांचा कागद विक्रेत्याला पाठवला. त्यानं तीन तासांत उत्तर दिलं, आणि ते उत्तर त्याच्याकडे तयारच असणार. ‘54 मिमी म्हणजे कुठवर मोजायचं यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो.’ हाच दाखला त्यानं संग्राहकांसमोरही दिला, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटलं की तिथं निम्म्या लोकांनी मान डोलावली. चर्चा पुन्हा टाळू की डोळा यावर गेली. मला वारंवार सांगावं लागलं की उंची कुठवर मोजायची हा प्रश्नच नाही. एकाच साच्याचे म्हणवले जाणारे दोन सैनिक शेजारी ठेवून एकाच ठिकाणी मोजले तर माप जुळलं पाहिजे. डोळ्यापर्यंत मोजा, टाळूपर्यंत मोजा, नुसती रायफल मोजा. स्केलच्या नावाखाली मतभेद चालतील, पण एकाच वस्तूच्या दोन प्रतींत सगळीकडे सारखाच फरक पडत असेल तर ती नक्कल आहे. नागपूरचे काका तेवढे ठामपणे माझ्या बाजूनं बोलले.

तक्रारीचंही सांगतो. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पोर्टलवर नोंद केली. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाहिरातीचा मजकूर मागितला. तो वाचल्यावर माझ्याच लक्षात आलं की त्यात ‘मूळ’ हा शब्द फक्त बॉक्सला लावलेला आहे. सैनिक मूळ आहेत असं लेखी कुठंही नाही. एका वकील मित्रानंही तेच दाखवलं. फोनवरचं बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड नाही. नोंद झाली आहे, पुढे काही घडलेलं नाही.

म्हणून तुम्ही घेणार असाल तर आधी लेखी विचारा: सैनिक कोणत्या कंपनीचे, कोणत्या काळातले, पोकळ की भरीव, रंग मूळ की पुन्हा दिलेला, आणि नकली निघाल्यास पैसे परत का. गोलमोल उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा. तळाचा फोटो मागा, सर्व नगांचा, मोजपट्टी शेजारी ठेवून. वजन ग्रॅममध्ये मागा. शक्य असेल तर त्याच प्रकारचा एक खरा नग, तुटका का असेना, आधी स्वस्तात मिळवा, तो तुमचा गज. चांगल्या बॉक्सनं भुलू नका, रिकामे जुने बॉक्स वेगळे विकले जातात. आणि फोटो बघून इतरांनी दिलेली मतं, माझीसुद्धा, पैसे पाठवण्याचं कारण होऊ देऊ नका. जाता जाता एक: खरा माल मिळाला तरी तो शिशाचा आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा, आणि ओकच्या लाकडी कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लानं शिशावर पांढरी भुकटी धरते आणि सैनिक आतून पोखरला जातो.

महिन्याभरानं त्या विक्रेत्याचा पुन्हा फोन आला. ‘दादा, वाद नको. 15,000 देतो, सेट परत पाठवा. माझ्याकडे दुसरा गिऱ्हाईक आहे.’ पंधरा हजार म्हणजे माझं निम्म्याच्या जवळपास नुकसान भरून निघत होतं. हिनंही विचारलं, काय करणार? मी रात्रभर विचार केला. तो दुसरा गिऱ्हाईक कोण असेल, त्याच्याकडे व्हर्नियर असेल का, बायको वजन ओळखणारी असेल का, काही माहीत नव्हतं.

सकाळी कामावर जाताना आठही सैनिक डब्यात घालून नेले. जेवणाच्या सुट्टीत एनग्रेव्हरनं प्रत्येकाच्या तळावर, कंपनीच्या नावाच्या बरोबर मधून, ‘नक्कल’ असं खोल कोरलं. रंग लावून बुजवता येणार नाही इतकं खोल. आता ते आठ जण माझ्याकडेच राहतील. बॉक्समध्ये फक्त चोरबाजारातला शिपाई ठेवलाय, बाकी सात जागा रिकाम्या.