सतत भिजणारी माती: सिमेंट की चुना?

कालव्याचा उतार किंवा रस्त्याचा पाया वर्षानुवर्षे ओला राहणार असेल, तर मातीत सिमेंट मिसळावे की चुना, हे केवळ मिश्रण २८ दिवस मुरल्यावर मोजलेल्या ताकदीवरून ठरवणे मला अपुरे वाटते.

वाळूमिश्रित मातीत सिमेंटच सरस ठरते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बॉनी जलाशयावर १९५१ मध्ये बांधलेल्या सिमेंट-मातीच्या चाचणी पट्ट्याने लाटांचा मारा सोसला आणि पुढे धरणांच्या उतारांवर दगडी पिचिंगला (उतारावर रचलेल्या दगडांच्या थराला) हा पर्याय मान्य झाला.

दख्खनच्या काळ्या मातीत मात्र हिशेब बदलतो. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते, तिची ढेकळे सहज फुटत नाहीत, आणि ज्या ढेकळांच्या आत सिमेंट पोहोचलेच नाही ती भिजल्यावर फुगून सभोवतालच्या कठीण मिश्रणाला तडे पाडतात. चुना आधी कॅल्शियमच्या अदलाबदलीने माती भुसभुशीत करतो आणि मग तिच्यातील सिलिका व अॅल्युमिनाशी संथपणे बांधला जातो. घाईच्या ठेकेदाराला हा संथपणा रुचत नाही, ही गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियातील फ्रायंट-कर्न कालव्याचे फुगणाऱ्या मातीचे उतार १९७० च्या दशकात चुन्यानेच सावरले गेले.

वाहते मृदू (कमी क्षारांचे) पाणी दोन्ही मिश्रणांतील कॅल्शियम धुऊन नेते, तर सल्फेटयुक्त मातीत एट्रिंजाइट हे जागा व्यापणारे खनिज तयार होऊन दोन्ही फुगू शकतात. म्हणून ५ तास पाण्यात आणि ४२ तास ७१ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, अशी १२ चक्रांची सिमेंट-मातीची चाचणी मी चुन्याच्या नमुन्यांवरही, पुरेसे दिवस मुरवल्यानंतर, करून पाहीन.