ई-रीडरवर चीनचा इतिहास: आठ महिन्यांनंतर

चीनच्या इतिहासाचं वेड मला शाळेत असल्यापासून आहे. आम्ही सोलापूरचे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, अवघ्या ३२व्या वर्षी. वडिलांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी एकच विचारलं होतं, की ज्यांच्यासाठी आपला माणूस तिकडेच राहिला ती माणसं आहेत तरी कशी? तेव्हापासून मिळेल ते वाचत आले. वाचनालयातली जुनी इंग्रजी पुस्तकं, रद्दीतून आणलेली, कुणी परदेशातून आणून दिलेली.

दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि बारीक टायपाची, किलोभर वजनाची पुस्तकं झेपेनाशी झाली. म्हणून मुलाने सहा इंची ई-रीडर आणून दिला. आठ महिने रोज दोन-अडीच तास वापरला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं कुठल्याही ई-रीडरला लागू पडावं. लांबलचक इतिहास वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

साध्या गोष्टी आधी. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, डोळे चुरचुरत नाहीत, चार्जिंग मला दोन आठवडे पुरतं. वजन इतकं कमी की स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजताना पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि कोरड्या करंगळीने पान उलटते. तक्रार नाही.

खरा कस लागला तो सिमा छ्येन या हान काळातल्या चिनी इतिहासकाराच्या ग्रंथाला. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झालेला हा १३० प्रकरणांचा इतिहास. मी बर्टन वॉटसन यांचं इंग्रजी भाषांतर वाचते. ते निवडक आहे, पण पोट भरतं. हे काम मूळ सिमा छ्येनच्या वडिलांचं. मरताना त्यांनी ते मुलाच्या हाती सोपवलं. पुढे इ.स.पू. ९९ मध्ये ली लिंग हा सेनापती पाच हजार पायदळ घेऊन शिओंग्नूंवर, म्हणजे उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांवर, गेला, वेढला गेला आणि शरण गेला. दरबारात सिमा छ्येन त्याच्या बाजूने बोलला. सम्राट वू संतापला आणि सिमा छ्येनला मृत्युदंड झाला. दंड भरून सुटावं एवढा पैसा घरात नव्हता. मृत्यू पत्करला असता तर अब्रू राहिली असती, पण ग्रंथ अर्धाच राहिला असता. त्याने खच्चीकरणाची शिक्षा पत्करली. आपण का जगलो हे त्याने मित्राला पत्रात लिहिलं आहे. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं ते पंचविशीत. आजही त्या पानावर आले की पुढचं पान लगेच उलटवत नाही.

या माणसाची एक पद्धत आहे आणि तिच्यामुळेच ई-रीडर मला इतका उपयोगी पडला. ज्याचं चरित्र चालू आहे त्याची वाईट बाजू तो बहुधा त्याच प्रकरणात लिहीत नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या प्रकरणात ठेवून देतो. हान घराण्याचा संस्थापक ल्यू पांग इ.स.पू. २०५ मध्ये फंगछंगला हरला. त्याचं सैन्य ५,६०,००० आणि त्याचा प्रतिस्पर्धी श्यांग यू याचं ३०,००० असं सिमा छ्येन लिहितो. ल्यू पांगच्या स्वतःच्या प्रकरणात पुढे एवढंच येतं की पळताना घरच्यांचा शोध घेतला आणि मुलगा सापडला. पण श्यांग यूचं प्रकरण उघडा. मागे शत्रूचे घोडेस्वार, रथ जड झालेला, आणि ल्यू पांग पोटच्या मुलाला आणि मुलीला रथातून खाली ढकलतो. सारथी श्याहौ यिंग उतरतो, पोरांना उचलून परत रथात घेतो. असं तीनदा. श्यांग यूचंही तसंच. त्याच्या प्रकरणात तो वीर आहे. कुणाला जहागीर द्यायची वेळ आली की शिक्क्याचे कोपरे झिजेपर्यंत तो हातातच चोळत बसायचा, हे कळतं ल्यू पांगचा सेनापती हान शिन याच्या चरित्रात.

कागदी पुस्तकात हे धागे जुळवायला मी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या खोचत आले. दोन खंड मांडीवर, तिसरा उशीवर. ई-रीडरवर नाव टाकून शोधलं की एक माणूस जिथे जिथे येतो त्या सगळ्या जागा एकाखाली एक दिसतात. श्याहौ यिंगचं नाव मी असंच शोधलं आणि त्याच्या स्वतःच्या चरित्रातही ही रथाची हकिगत सापडली. त्या संध्याकाळी नातीला दोन्ही उतारे वाचून दाखवले. ती म्हणाली, "आजी, पण राजाच्या गोष्टीत हे का नाही लिहिलं?" नऊ वर्षांच्या मुलीने नेमका तोच प्रश्न विचारला. सिमा छ्येन त्याच ल्यू पांगच्या पणतवाच्या राज्यात बसून लिहीत होता, हे तिला समजावून सांगायला मला जेवणाची वेळ झाली.

पण शोध अक्षरांवर चालतो, आणि चिनी नावांची रोमन अक्षरं हा मोठा गुंता आहे. जुन्या पुस्तकांत एक पद्धत, नव्या पुस्तकांत पिनयिन, म्हणजे चीनची आजची अधिकृत रोमन लेखनपद्धत. ह्युएन त्संग कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्याच. एकाने शोधलं की दुसरा सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या पद्धतीत छिन आणि चिन या दोन वेगळ्या घराण्यांमध्ये फरक फक्त एका अपॉस्ट्रॉफीचा. स्कॅन करून बनवलेल्या फुकट फायलींमध्ये ती चिन्हं गळून जातात आणि पाचशे वर्षांच्या अंतरावरची घराणी एक होऊन बसतात. मी आता वहीत देवनागरीत नावं लिहून त्यांच्यापुढे सगळी स्पेलिंगं मांडते. देवनागरी इथे फार कामाची आहे. च आणि छ, प आणि फ, त आणि थ हा फरक आपल्या कानाला जन्मापासून कळतो, आणि चिनी भाषेत नेमका तोच लागतो. बीजिंग म्हणण्यापेक्षा पेइचिंग मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे.

ह्युएन त्संगचं सॅम्युएल बील यांनी केलेलं १८८४चं भाषांतर असंच फुकट मिळालं. त्यात महाराष्ट्रावरची पानं आहेत. सातव्या शतकात तो आपल्याकडे आला तेव्हा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असं तो लिहितो. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नसते, त्याला बायकांचे कपडे दिले जातात, हेही. मोठ्या अक्षरात ती पानं मी सलग दोनदा वाचली. चीनचा इतिहास वाचता वाचता समोर आपलंच गाव यावं, तसं झालं.

नकाशांसाठी मात्र सहा इंची पडदा घेऊ नका. काळ्या-पांढऱ्यात नद्या आणि सरहद्दी सारख्याच दिसतात, मोठं करायला गेलं की पडदा अडखळतो. मी चार नकाशे झेरॉक्सच्या दुकानातून ए-थ्री कागदावर काढून आणले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. वंशावळीचे तक्तेही मोडून पडतात. पीडीएफची तीच गत. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी दहा इंची घेईन.

सहाव्या महिन्यात एका अपडेटनंतर माझ्या खुणा गेल्या. पाच महिन्यांच्या. ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, दर वेळी मशीन रीसेट करायला सांगितलं, खुणा आल्या नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. वही होती म्हणून निम्मं तरी हाताशी राहिलं. महिन्यातून एकदा खुणांची फाईल संगणकावर उतरवून ठेवा. मी आता ठेवते.

सध्या चांग छ्येनच्या प्रवासाचं प्रकरण दुसऱ्यांदा चालू आहे. शंभराहून अधिक माणसं घेऊन निघालेला सम्राट वूचा हा दूत तेरा वर्षांनी परतला तेव्हा बरोबर एकच सोबती उरला होता. बाख्त्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडच्या, बाजारात त्याला आपल्या सिचुआनकडचे बांबू आणि कापड विकायला ठेवलेलं दिसलं. कुठून आणलं विचारल्यावर व्यापारी म्हणाले, शेन्दूहून. म्हणजे आपल्याकडून. तिथली माणसं हत्तीवर बसून लढतात, तो देश उष्ण आहे आणि मोठ्या नदीकाठी आहे, एवढी माहिती त्याने सम्राटापुढे मांडली. त्या ओळीला मी पुन्हा खूण केली आहे, आणि या वेळी वहीतही उतरवली आहे.