जुन्या थारवाल्यांनो, लिफ्ट किटच्या (गाडी उंच करायचं सामान) नावाखाली चुना लावतायत, बघून घ्या

माझी 2017 ची थार सीआरडीई, म्हणजे पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने "दोन इंच लिफ्ट किट, चारही शॉकअप नवीन, सगळं मिळून 48 हजार" असं सांगितलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी गाडी हातात दिली. उभी असताना दिसायची भारी, त्यात वाद नाही.

पण सत्तरच्या पुढे गेलं की डावी-उजवी पळायची, ताम्हिणीत चाक खड्ड्यात उतरलं की पुढून ठक्कन आवाज आणि स्टिअरिंग आपलं आपणच वळायचं. परत नेली तर शेठ म्हणतात, "भाऊ, लिफ्टेड गाडी अशीच चालते, सवय होईल." मी बोंब मारल्यावर म्हणाले स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) गेलाय, त्याचे 19 हजार वेगळे. जुना रॅक मागितला तर तो म्हणे भंगारवाला घेऊन गेला. आणि गाडी? होती तशीच!

शेवटी साताऱ्यात एका अलाइनमेंटवाल्या काकांनी रॅम्पवर घेतली. टॉर्शन बारच्या ॲडजस्टिंग बोल्टचे आटे अर्धे मातीने, गंजाने भरलेले आणि पुढचे बोटभर चकचकीत, म्हणजे तेवढा बोल्ट आवळून नाक वर केलेलं. हेच ते किट. मागे नुसत्या लांब शॅकल, म्हणजे पाटा गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या. "नवीन" शॉकअपवर काकांनी नख मारलं तर लाल रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली मूळचा काळा, गंजासकट. रॅकही माझाच, सिल्व्हर स्प्रे मारलेला, जुना स्टिकर रंगाखाली तसाच दिसत होता राव.

बोल्ट असा जास्त आवळला की पुढचे आर्म (चाक धरणारे दांडे) खाली झुकतात, चाकाला अजून खाली जायला जागाच राहत नाही, म्हणून ते ठक्क. टाय रॉड (रॅकपासून चाकाला जोडणारी दांडी) तिरपा होतो, मग चाक वर-खाली झालं की टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, बदलतो आणि गाडी स्वतः वळते, ह्यालाच बंप स्टिअर म्हणतात, रॅक बदलून ते जाणारच नव्हतं. सीव्ही जॉइंटचा (चाकाला इंजिनची ताकद पोचवणारा वळता सांधा) कोनही वाढतो, माझा डावीकडचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमभर उडालं होतं. एवढं सगळं करून अलाइनमेंट मात्र केलंच नव्हतं.

तुम्ही कुठेही काम करून घ्या, आधी त्या बोल्टचा आणि शॉकअपचा फोटो काढून ठेवा, काढलेले पार्ट डिकीत टाकायला सांगा आणि बिलावर प्रत्येक पार्टचं नाव लिहून घ्या. रॅक गेलाय म्हणाले तर चाक हवेत उचलून आधी घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायला लावा, तिथे खडखड आली तर बहुतेक टाय रॉड एन्ड, बारा आणि सहावर आली तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. ही साधी तपासणीसुद्धा न करता थेट रॅकवर उडी मारणारा माणूस मला तरी संशयास्पदच वाटतो.

तक्रार करतो म्हटल्यावर शेठचा मलाच दम, "मॉडिफाय केलेली गाडी आहे, कलम 52 तुमच्यावरच येईल." म्हणजे मोटार वाहन कायद्यातलं गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम. मी तरी 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये. भांडण उंचीचं नाहीच, रंगवलेले जुने शॉकअप नवीन म्हणून विकल्याचं आहे. गोची एवढीच, हाताने खरडलेल्या पावतीवर नुसतं "सस्पेन्शन काम" लिहिलंय.