शाळेचं मासिक पान आणि मोबाइलवरचा ग्रुप: जूनपासून वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेनं यंदा, म्हणजे 2025 च्या जूनपासून, पालकांना बातम्या कळवायची पद्धत बदलली. महिना संपत आला की पुढच्या महिन्याचं एक पान मुलांच्या दप्तरातून घरी येतं. पाठपोट लिहिलेलं, झेरॉक्स केलेलं. जोडीला व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, त्यात फक्त शिक्षकच लिहू शकतात. फारच महत्त्वाचं काही असलं तर संध्याकाळी त्याच ग्रुपवर बाईंच्या आवाजातला निरोप येतो. माझी मुलगी तिसरीत आहे, धाकटा अंगणवाडीत. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याच्या हद्दीला लागून. आपल्याही शाळेत असं काही व्हावं असं ज्या पालकांना वाटतं त्यांच्यासाठी, आणि एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीवर, असलेल्यांसाठी तर मुद्दाम, सगळं सविस्तर लिहिते.

तिन्हीतलं एकच ठेवा म्हटलं तर मी कागद ठेवीन.

आमच्याकडे शाळेत दिलेला नंबर बहुतेक वडिलांचा असतो. वडील कुणाचे उद्यमबागेत फौंड्रीत, कुणाचे गोव्यात कामाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं मिलिटरीतली घरंही पुष्कळ. 'उद्या डबा नको, शाळेत जेवण आहे' हा निरोप दुपारी येतो आणि रात्री आठपर्यंत त्यांच्या खिशातच राहतो. सकाळी मुलाला आवरून धाडणारी आई किंवा आजी असते, तिला पत्ताच नसतो. कागदाचं तसं होत नाही. तो स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरखाली चिकटवला की घरातल्या सगळ्यांचा होतो. मुलगी शाळेतून आली की स्वतःच त्याच्यापुढं उभी राहून वाचते, 'शुक्रवारी चिकणमाती न्यायची आहे' म्हणून आठवण करते. तिसरीतली मुलगी स्वतःच्या शाळेची बातमी स्वतः वाचून घरात सांगते, याचं मला फार अप्रूप आहे.

पानावर सगळ्यात वर सुट्ट्या असतात. त्याखाली कार्यक्रम, प्रत्येकापुढं तारीख, वेळ आणि घरून काय आणायचं ते. मग कागदपत्रांच्या शेवटच्या तारखा. तळाला शाळेला कुणी काय दिलं त्यांची नावं: कुणी रंग दिला, कुणी दोन दिवस राबून कुंपण बांधलं. ही नावं छापणं मला फार आवडतं. पैशाची देणगी आणि अंगमेहनत एकाच ओळीत, सारख्याच अक्षरात येते.

सुट्ट्यांचा भाग सीमाभागात किती लागतो ते बाहेरच्यांना पटकन लक्षात येणार नाही. भिंतीवरचं कॅलेंडर महाराष्ट्रात छापलेलं, शाळा कर्नाटकाची. यंदा आमच्या शाळा 29 मेला उघडल्या, माझ्या बहिणीची मुलं चंदगड तालुक्यात, त्यांची शाळा 16 जूनला. आम्हाला मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांना दिवाळीला. माहेरी जायचं तर मुलांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, आणि हे दरवर्षीचं. म्हणून सप्टेंबरचं पान हाती आलं की पहिलं काम सुट्टीची तारीख बघायची. त्यात 20 सप्टेंबर ते 7 ऑक्टोबर असं स्पष्ट होतं. त्याप्रमाणे आम्ही चार दिवस माहेरी जाऊन आलो, 8 तारखेसाठी गणवेश धुऊन ठेवला.

मग शासनानं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी, म्हणजे ज्याला सगळे जातगणती म्हणत होते त्यासाठी, शिक्षकांना घरोघरी धाडलं आणि सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढली. इथं कागद उपयोगाचा नव्हता, शाळाच बंद. त्याच संध्याकाळी ग्रुपवर बाईंचा आवाज आला: सुट्टी वाढली आहे, 19 ला रविवार, 20 ला नरक चतुर्दशी, तेव्हा मुलांना अभ्यासाची अमुक पानं करायला लावा. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी तो निरोप ऐकला आणि म्हणाल्या, "परत लाव की, कुठली पानं म्हटल्यात बाई?" दुसऱ्या दिवसापासून नातीला समोर बसवून ती पानं त्यांनीच करून घेतली. लेखी निरोप आला असता तर घरातलं हे एक माणूस बाहेरच राहिलं असतं. आवाजी निरोपाचं महत्त्व मला तिथं पटलं, आणि तो दीड मिनिटाच्या वर जात नाही हेही बरं.

पावसाच्या सुट्टीला मात्र ग्रुपला तोड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात ती पुष्कळदा तालुक्यापुरती असते. खानापूरला असते, बेळगावला नसते. त्यात गेल्या वर्षीची जुनी पत्रं तारीख न बघता लोक पुढं ढकलत असतात. शाळेच्या ग्रुपवर आलं तरच खरं, ही सवय आता गावात बसली आहे. पूर्वी ग्रुप सगळ्यांना खुला होता तेव्हा सुप्रभातच्या चित्रांत आणि वाढदिवसाच्या केकांत शाळेचा निरोप गाडला जायचा. लिहिण्याचा अधिकार फक्त शिक्षकांकडं ठेवला हे उत्तम झालं.

श्रावणातली एक गोष्ट सांगते. सरकारी शाळेत आता आठवड्याचे सहा दिवस अंडं देतात, जे खात नाहीत त्यांना केळं. एरवी आमच्या घरी अंडं चालतं, श्रावणात चालत नाही. अशी घरं गावात निम्मी तरी असतील. पूर्वी पोरं ताटावर बसून गोंधळायची, कुणी चोरून खायचं आणि घरी येऊन गप्प राहायचं, कुणी उपाशी उठायचं. यंदा जुलैच्या पानाच्या तळाला कापून द्यायची पट्टी होती: मुलाचं नाव, इयत्ता, 'श्रावणात अंडं नको / चालेल', पालकाची सही किंवा अंगठा. महिनाभर केळ्यांची संख्या आधीच ठरली, स्वयंपाकाच्या ताईंनाही सोपं गेलं. एवढ्याशा पट्टीनं शाळेनं घरची रीत विचारली, मुलाला दोघांच्या मध्ये उभं केलं नाही. यंदाच्या सगळ्या वापरात मला सर्वात मोलाचं वाटलं ते हेच.

प्रतिभा कारंजीची, म्हणजे शाळाशाळांतल्या मुलांच्या कलागुणांच्या स्पर्धांची, सूचनाही या वेळी वेळेवर आली. आधी काय व्हायचं, क्लस्टरची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मिळून होणाऱ्या फेरीची, तारीख दोन दिवस अगोदर कळायची, मग छद्मवेषाचा (फॅन्सी ड्रेसचा) पोशाख भाड्यानं आणायला बेळगाव गाठायचं, नाहीतर मूल घरी ठेवायचं. ज्यांच्या हातात पैसे त्यांचीच पोरं मंचावर. या खेपेला पानावर स्पर्धांची पूर्ण यादी होती: कंठपाठ, कथाकथन, अभिनय गीत, छद्मवेष, मातीकाम. खाली लिहिलं होतं, 'भाड्याचा पोशाख आणू नये, घरातल्या वस्तूंतून करावा.' आमच्याकडे माळ्यावर जुनं इरलं होतं, बांबूच्या पट्ट्यांचं, वर पानं रचलेलं. आता भातलावणीला सगळ्या प्लॅस्टिकच घेतात. सासूबाईंनी ते खाली काढलं, दोन ठिकाणी सुतळीनं आवळलं आणि नातीला वाकून रोप कसं लावायचं, चिखलात पाय मागं कसा टाकायचा ते परड्यात दाखवलं. मुलगी रोपलावणी करणारी बाई होऊन गेली. नंबर आला नाही, पण इरलं म्हणजे काय हे तिच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी पहिल्यांदा पाहिलं. दोन-तीन आठवड्यांची सवड मिळाली म्हणून हे झालं.

आता भाषेबद्दल. खात्याची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. मी मराठी शाळेतच शिकले, कन्नड बोलायला कळतं, वाचायला अडखळते, आणि माझ्या वयाच्या पुष्कळ बायकांचं तसंच आहे. पूर्वी ग्रुपवर परिपत्रकाचा फोटो जसाच्या तसा यायचा. आता मुख्याध्यापिका त्यातलं पालकांच्या कामाचं तेवढं मराठीत उतरवून देतात. घटनेच्या 350 अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं 1956 पासून आहे. माझ्या मते त्या शिक्षणाविषयी आईला तिच्या भाषेत कळवणं हा त्याचाच भाग आहे. कुठलीही शाळा ते उपकार म्हणून करत नाही आणि पालकांनीही उपकार म्हणून घेऊ नये. दिवाळीनंतर पानावर शेवटी चार ओळी कन्नडमध्येही येऊ लागल्या, त्याही मला हव्याशा वाटतात. मुलगी कन्नड विषयात शिकलेली अक्षरं जुळवत त्या वाचते, अडलं की वरचं मराठी बघते. दोन्ही भाषा एका कागदावर असल्यानं तिचा सरावही होतो.

कागदपत्रांच्या सूचना थोडक्यात सांगते, कारण त्या चोख आहेत. शिष्यवृत्तीसाठी जात-उत्पन्न दाखल्यावरचा क्रमांक (आरडी नंबर), बँक खात्याला आधार जोडणं, सॅट्सवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नावाचं स्पेलिंग तपासणं, हे सगळं कुठल्या महिन्यात करायचं ते आधी येतं. दाखले मिळतात त्या नाडकचेरीत ऐनवेळी होणारी धावपळ वाचली.

आता खटकलेल्या गोष्टी.

झेरॉक्स फिकी येते. मागच्या बाजूची अक्षरं कधी कधी दिसतच नाहीत, आणि नेमक्या कागदपत्रांच्या तारखा मागं असतात. एकाच बाजूला छापलं तरी चालेल, पण गडद हवं.

तारीख बदलली तर नवा कागद येत नाही, फक्त ग्रुपवर कळवतात. मग दाराशी चिकटलेला कागद चुकीचा राहतो आणि आजी त्यावरच विसंबून असते. बदल झाला तर मुलांच्या वहीत फळ्यावरून एक ओळ उतरवून द्यावी, एवढंच मागणं आहे.

फोटो फार. कार्यक्रमानंतर तीस-चाळीस फोटो एकदम येतात, त्यांत मंचावरची तीच ती मुलं. माझं स्पष्ट मत आहे की ग्रुपवर मुलांचे जवळून काढलेले फोटो नावासकट टाकू नयेत. आपल्या गावातले सगळे ओळखीचे असले तरी फोटो पुढं कुठं जातो ते आपल्या हातात नाही. लांबून काढलेले चार पुरेत, आणि त्यांत मागच्या ओळीतली मुलंही यावीत. फौजेतल्या बापाला त्याचं पोर बक्षीस घेतानाच दिसायला हवं असं नाही, झाडाला पाणी घालताना दिसलं तरी त्याचा दिवस चांगला जातो. माझ्या दिरांचंच सांगते, कवायतीच्या फोटोत पुतणीची नुसती पाठ दिसत होती, तर त्यांनी तिकडून फोन करून वेणीवरून ओळखली म्हणून सांगितलं.

ग्रुपवर पालकांना लिहिता येत नाही हे मी चांगलं म्हटलं, पण मग विचारायचं कुठं? प्रश्न बाईंच्या स्वतःच्या फोनवर जातात, रात्री साडेनऊलाही. त्यांनाही घर आहे. पानावर 'फोन करायची वेळ: संध्याकाळी पाच ते सहा' अशी ओळ छापावी, हे मी सभेत सुचवलं आहे.

सभेचं म्हणाल तर 14 नोव्हेंबरला बालदिनाची पालकसभा ऐन सुगीत आली. भात कापून पडलेलं, वर ढग. तरी बायका पुष्कळ आल्या, कारण पानावर सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ दोन्ही लिहिल्या होत्या आणि सभा खरोखर त्या वेळेला संपली. सकाळचं काम उरकून यायचं आणि दुपारी परत शेतावर जायचं असा हिशेब करता आला. पुढच्या वर्षीसाठी शाळेनं स्वतः ठरवायच्या सभा तरी जुलैची रोपलावणी आणि नोव्हेंबरची सुगी टाळून घ्याव्यात.

फेब्रुवारी 2026 च्या पानावर 27 तारखेचा मराठी भाषा गौरव दिन आहे, त्या दिवशी आजी-आजोबांनी वर्गात येऊन गोष्ट सांगायची आहे. सासूबाईंचं नाव मी देऊन टाकलं. त्याच पानावर पहिलीच्या प्रवेशाची चौकट आहे आणि ती गावात अजून पुष्कळांपर्यंत गेलेली नाही, म्हणून इथं लिहिते. पहिलीसाठी 1 जूनला 6 वर्षं पूर्ण हवीत. 2025-26 ला 5 वर्षं 5 महिन्यांची सवलत मिळाली होती, पण ती त्या वर्षापुरतीच असं तेव्हाच सांगितलं होतं. 2026-27 च्या प्रवेशासाठी त्या हिशेबानं मूल 1 जून 2020 ला किंवा त्याआधी जन्मलेलं पाहिजे. जन्मदाखला काढून आत्ताच बघून ठेवा, आणि शाळेत नाव घालताना मोबाइल नंबराच्या जागी आईचाही नंबर लिहा. फॉर्मवर एकच चौकोन असला तर दोन्ही त्यातच बसवा, बाई लिहून घेतात.