ब्रेव्ह, फायरफॉक्स, लिबरवुल्फ, मुलवाड की टॉर: सोलापूरच्या डीटीपीवाल्याने कोणता ब्राउझर घ्यावा?

सोलापुरातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानातला संगणक डोळ्यांसमोर आणा. श्रीलिपी, आकृती आणि गिऱ्हाइकांनी पेनड्राइव्हमधून आणून टाकलेले लग्नपत्रिकेचे शंभर फॉन्ट. भाषांच्या यादीत मराठी, इंग्रजी, हिंदी; पूर्व भागातल्या विणकर मंडळींच्या पत्रिकांसाठी तेलुगू, अक्कलकोटकडच्या कामासाठी कन्नड. दुकानदाराला हा पसारा रोजचा वाटतो, पण इंटरनेटवर असा दुसरा संगणक शोधून सापडायचा नाही. नेमकं हेच फिंगरप्रिंटिंग करणाऱ्यांना, म्हणजे संगणकाच्या अशा खुणा जुळवून त्याचा ठसा घेणाऱ्या साइटना, हवं असतं. कुकीज पुसा, हिस्टरी पुसा, पुढच्या भेटीत ते तुम्हाला परत ओळखतात.

फॉन्ट कसे कळतात? पानावर न दिसणाऱ्या जागी एकच शब्द शेकडो फॉन्टची नावं देऊन लिहिला जातो आणि प्रत्येक वेळी त्याची रुंदी मोजली जाते. रुंदी नेहमीपेक्षा वेगळी निघाली की तो फॉन्ट मशीनवर आहे. भाषांची यादी तर ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत आपणहून पाठवतो. कॅनव्हासचा, म्हणजे पानावर चित्र काढायच्या ब्राउझरमधल्या सोयीचा, प्रकार याहून बेरका: साइट गुपचूप एक छोटं चित्र आणि चार अक्षरं काढायला लावते आणि उमटलेले पिक्सेल वाचून घेते. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची पद्धत, सगळ्यांचा थोडा थोडा ठसा त्यात उतरतो. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के एकमेव, म्हणजे जोडीला दुसरा नसलेले, निघाले होते. चाचणीला आलेले बहुतेक लोक प्रायव्हसीची आवड असलेलेच होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळ्या जगाला लावू नये. पण शंभर फॉन्टवाल्या मशीनला दिलासा मिळावा असं त्यात काही नाही.

बचावाच्या रीती दोन. टॉर, मुलवाड आणि लिबरवुल्फ सगळ्यांना सारखं दाखवायला बघतात. सिद्धेश्वर यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं दुरून एकसारखी दिसतात, तसं. म्हणूनच टॉरवाले बजावून सांगतात की वरून एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) चढवू नका. पांढऱ्या गर्दीत रंगीत फेटा घातल्यासारखं होतं. ब्रेव्हची रीत उलटी: कॅनव्हास, ऑडिओ वगैरेंच्या उत्तरात तो बारीकशी भेसळ करतो, आणि ही भेसळ प्रत्येक साइटला वेगळी, प्रत्येक सत्राला वेगळी. कालचा ठसा आज जुळत नाही. फायरफॉक्स दोन्हीतलं थोडं थोडं घेतो.

डीटीपीवाल्याच्या दृष्टीने पहिला मुद्दा फॉन्टचा. टॉर आणि मुलवाड साइटला ठरावीक फॉन्टच दिसू देतात, तुमचा साठा बाहेर कळतच नाही. ब्रेव्हने २०२२ मध्ये यावर उपाय आणला: ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेले फॉन्ट दिसतात, तुम्ही टाकलेल्यांपैकी काही मोजकेच दिसतात, आणि कोणते ते बदलत राहतं. त्याच वेळी भाषांची पूर्ण यादी पाठवणंही त्याने थांबवलं, आता फक्त पहिल्या पसंतीची भाषा जाते. तेलुगू-कन्नडची जोडी त्यामुळे झाकली जाते. मराठी पहिली ठेवली तर गर्दी इंग्रजीवाल्यांपेक्षा लहान, हे खरं. मी तरी मराठीच पहिली ठेवतो. तेवढी ओळख पटली तर पटू दे. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये १४५ व्या आवृत्तीत बरीच मजल मारली: मशीनवर टाकलेले फॉन्ट साइटला वापरू न देणं, कॅनव्हास वाचला जात असताना त्यात भेसळ, प्रोसेसरचे कोअर कायम दोनच सांगणं. एकमेव ठरणाऱ्या वापरकर्त्यांचं प्रमाण यामुळे जवळपास निम्म्यावर आलं, असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं. पण ही संरक्षणं आधी आली ती खासगी विंडोत आणि 'स्ट्रिक्ट' सेटिंगमध्ये. नुसता फायरफॉक्स टाकून स्वस्थ बसलात तर ती मिळतीलच असं धरू नका.

दुसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: काम किती मोडतं. लिबरवुल्फमध्ये फिंगरप्रिंटिंगविरोधी कडक सेटिंग सुरुवातीपासूनच चालू असतं. त्यात ब्राउझर तुमची वेळ भारताची न सांगता ग्रिनिचची सांगतो. परिणाम? वेबमेलवर संध्याकाळी सहाला आलेला निरोप साडेबाराचा दिसतो. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची वेळ साडेपाच तास मागे. गंमत म्हणजे भारतीय वेळ कोट्यवधी लोकांची एकच, ती लपवून आपल्याला फारसं काही मिळतही नाही. त्याहून त्रासदायक फोटोचं. ज्या साइटवर फोटो ब्राउझरमध्येच कापून लहान केला जातो, तिथे तेच कॅनव्हास लागतं. ब्राउझर ते वाचू देत नाही आणि पासपोर्ट साइजच्या फोटोऐवजी रंगीत पट्ट्यांचा चिवडा अपलोड होतो. ॲड्रेस बारमध्ये लहानसं चित्र येतं, त्यावर क्लिक करून त्या साइटला परवानगी देता येते. पण फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला, समोर चार पोरं रांगेत उभी असताना, काउंटरवरच्या मुलाला हे कोण सांगणार? तो सरळ क्रोम उघडतो, आणि तुम्ही केलेला सगळा बंदोबस्त तिथेच संपतो.

मुलवाड आणि टॉरमध्येही हे सगळं आहेच, वर पानाभोवती करड्या पट्ट्या दिसतात. त्या बिघाड नव्हेत. पानाची मापं ठरावीक पटीत ठेवून तुमच्या स्क्रीनचं खरं माप लपवण्याची ती युक्ती आहे. टॉरवर बँका आणि सरकारी पोर्टलं बऱ्याचदा दारातच अडवतात, नाहीतर कॅप्चावर कॅप्चा सोडवत बसायचं. मुलवाड म्हणजे टॉर प्रोजेक्टच्या मदतीने २०२३ मध्ये आलेला, टॉर नेटवर्क (तुमची वाहतूक अनेक संगणकांतून फिरवून पत्ता लपवणारं जाळं) काढलेला टॉर ब्राउझरच. वेग चांगला, पण व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरआडून इंटरनेट वापरायची सोय) नसेल तर तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, उघडाच राहतो. मोबाइलवर तो मिळत नाही, लिबरवुल्फही नाही.

आता बगची गोष्ट. साधा बग आला की पान अडकतं, कुणीतरी ओरडतं. फिंगरप्रिंटिंगच्या बगमध्ये सगळं सुरळीत चालतं, फक्त माहिती गळत राहते. २०२१ मध्ये असाच एक सापडला: मशीनवर कोणकोणती ॲप आहेत हे साइट त्यांच्या खास लिंक चाचपून ताडू शकत होती. त्यावरून तोच माणूस क्रोममध्ये आणि टॉरमध्येही ओळखता येत होता. टॉरने ती चाचपणीच बंद करून टाकली. त्याच वर्षी ब्रेव्हमधल्या टॉर नेटवर्क वापरणाऱ्या विंडोतून ओनियन पत्ते (फक्त टॉरवर चालणाऱ्या साइटचे) डीएनएसकडे, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेकडे, जात असल्याचं उघड झालं आणि ते दुरुस्त झालं. २०२० मध्ये टॉरच्या सगळ्यात सुरक्षित पातळीवरही काही वेळा जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातला तिथे बंद असायला हवा तो कोड, चालत होतं. सांगायचं एवढंच की निर्दोष इथे कुणी नाही. बघायचं ते दुरुस्ती किती लवकर हाती पडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समधल्या ॲनिमेशनच्या कोडमधलं एक भोक हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असल्याचं ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने कळवलं. मोझिलाने सुमारे २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली, टॉरनेही लगेच. लिबरवुल्फची दुरुस्ती मात्र स्वयंसेवकांच्या वेळेवर अवलंबून असते. विंडोजवर तो स्वतःहून अपडेट होत नाही, वेगळा अपडेटर सोबत टाकावा लागतो. तो टाकायचा राहिला तर सहा महिने जुना ब्राउझर घेऊन बसाल. एरवी तो मला आवडतो, पण दुकानासाठी नको म्हणायला मला एवढं कारण पुरतं. ब्रेव्हला क्रोमियममधल्या (क्रोम आणि ब्रेव्ह ज्या कोडवर उभे आहेत त्यातल्या) दुरुस्त्या भराभर मिळतात. टॉर आणि मुलवाड फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभे असल्यामुळे वर्षातून एकदा त्यांना वर्षभराच्या नव्या सोयी एकेक करून तपासाव्या लागतात, कुठून नवी गळती सुरू झाली का ते.

म्हणून दुकानाच्या काउंटरसाठी मी ब्रेव्ह सुचवेन. क्रोमसाठी बनवलेली पोर्टलं त्यात चालतात आणि फॉन्ट-भाषांचं संरक्षण काही न करता मिळतं. पहिल्या दिवशी रिवॉर्ड्स (जाहिराती पाहण्याचं बक्षीस) आणि वॉलेट (क्रिप्टोचं पाकीट) यांची बटणं तेवढी लपवून टाका. फायरफॉक्सची सवय असेल तर बदलू नका, 'स्ट्रिक्ट' करा. आजारपण, कर्ज, कोर्टकचेरी असलं स्वतःचं वाचन करायचं ते मुलवाडमध्ये, एकही एक्स्टेंशन न चढवता, विंडो ओढून मोठी न करता. आयपीही लपवायचाच असेल तरच टॉर. आणि यातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये रोजच्या जीमेलने लॉग-इन केलंत तर गूगलला तुमचा ठसा घ्यायची गरजच उरत नाही.

ईएफएफच्या 'कव्हर युवर ट्रॅक्स' या साइटवर आपला ब्राउझर तपासता येतो. ब्रेव्हला तिथे ठसा दर वेळी बदलता असल्याचा शेरा मिळाला तर घाबरू नका, त्याला तेच करायचं असतं.

मशीन अजून विंडोज ७ वर असेल तर ही तुलना बाजूला ठेवा. ब्रेव्हने तिथला पाठिंबा २०२३ मध्येच थांबवला आणि फायरफॉक्सची शेवटची चालणारी आवृत्ती ११५, म्हणजे वर सांगितलेलं १४५ मधलं काहीच तिथे येणार नाही. आधी विंडोज बदला.