पाठीवरची सॅक की सॅडलबॅग: खानदेशातील उन्हाळी प्रवासासाठी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा मोटारसायकलवर सामान कुठे ठेवावे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. पाठीवरच्या सॅकमुळे जाकिटातून वारा खेळत नाही, पाठ घामाने भिजते आणि धुळ्याहून शहाद्यामार्गे तोरणमाळ गाठेपर्यंत खांदे भरून येतात. त्याहून गंभीर बाब अशी, की पडण्याचा प्रसंग आला तर सॅकमधील पाना, कुलूप किंवा हवेचा पंप यांसारखी कठीण वस्तू थेट मणक्यावर आदळू शकते. म्हणून हत्यारे पाठीवर कधीही नेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

सॅडलबॅगमध्ये तेच वजन सीटच्या दोन्ही बाजूंना, खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे सातपुड्यातील वळणांवर गाडी अधिक स्थिर वाटते. मात्र दोन्हीकडे भार सारखा हवा, पट्टे चाकात वा साखळीत अडकणार नाहीत असे बांधलेले हवेत, आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकता कामा नये, कारण तापलेल्या धातूवर नायलॉनचे कापड वितळते. गर्दीत वाढलेल्या रुंदीचेही भान ठेवावे लागते.

सॅकची एक बाजू खरोखर जमेची आहे: चहाला थांबल्यावर ती अंगावरच राहते. त्यामुळे कागदपत्रे, औषधे आणि नळीतून पिता येणारी पाण्याची पिशवी एवढ्यापुरतीच छोटी सॅक घ्यावी. पंक्चरचे साहित्य, जादा ट्यूब, कपडे आणि घरून बांधून दिलेल्या दशम्या सॅडलबॅगमध्ये ठेवाव्यात.